पानी यायलंय : खऱ्या गोष्टींच्या प्रकल्पाच्या नोंदी

2 जून 2024

आज ठरलं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळी सहा ते साडेसात, ज्याने त्याने स्वतःच्या आयुष्यात घडलेली एक गोष्ट सांगायची किंवा वाचायची. पाच मिनिटं. खरी. आणि त्यातल्या काही गोष्टींचं पॉडकास्ट करायचं. ग्रंथपाल सरांनी हॉल दिला, लाइटबिल वाचनालय भरणार. रेकॉर्डिंग आमचा एक वाचक मुलगा बघेल. तो डिप्लोमा करतोय, त्याच्याकडे झूम एच1एन रेकॉर्डर आणि दोन कॉलर माइक आहेत. बाकीचं माझ्याकडे : माणसं गाठणं, गोष्टी ऐकणं, कापणं आणि ही वही.

ऑगस्टमध्ये 2019च्या महापुराला पाच वर्षं होतील. त्या आठवड्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. इशारा पातळी 40, धोका पातळी 45. सांगलीतलं शाळकरी पोरही हे आकडे झोपेत सांगेल. पण त्या रात्री शेजारच्या घरात काय चाललं होतं, ते शेजाऱ्याला आजही नीट माहीत नाही. ऑगस्टचा विषय म्हणूनच 'पाणी' ठेवलाय. जून-जुलैत हात बसवून घेऊ.

9 जून

नियम ठरवायला बसलो. बाहेर कुठे काय चालतं ते आधी पाहिलं. न्यूयॉर्कमध्ये 'द मॉथ' हा खऱ्या गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम 1997 पासून सुरू आहे. जॉर्ज डॉज ग्रीन या कादंबरीकाराने आपल्या दिवाणखान्यात मित्रांना जमवून सुरुवात केली होती. त्यांच्या स्पर्धांमध्ये चिठ्ठ्या काढून दहा नावं पुकारतात, प्रत्येकाला पाच मिनिटं, हातात कागद चालत नाही. 'स्टोरीकॉर्प्स' 2003 मध्ये तिथल्याच ग्रँड सेंट्रल स्टेशनात एका छोट्या बंद खोलीत सुरू झालं. त्यात एकमेकांना ओळखणारी दोन माणसं चाळीस मिनिटं बोलतात, आणि ते ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन होतं.

आपल्याकडे कथाकथनाला काही तोटा नव्हता. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर ही तिघं एकत्र बसून कथा सांगायची तेव्हा मैदानं भरायची. पण त्या लेखकांनी रचलेल्या कथा होत्या. आपलंच जगणं आपल्या तोंडाने सांगायची जागा बायकांनी फार आधी करून ठेवली होती, जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्यातल्या कितीतरी 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे ओवीखाली गाणारीचं नाव असतं, गाव असतं. ते पाहून मनाशी पक्कं केलं की आपल्याकडेही गोष्ट ज्याची, नाव त्याचं. त्याला नको असेल तर नाही.

चिठ्ठ्या आणि पाच मिनिटं घेतली. कागदाची बंदी घेतली नाही. आपल्याकडे माणूस मोकळ्या हाताने उभा राहिला की त्याला शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवते.

16 जून

अकरा जणांनी लिखाण दिलं. तीन व्हॉट्सअ‍ॅपवर, बाकी कागदावर. रात्री सगळं वाचलं आणि झोप लागेना. अकरापैकी नऊ निबंध आहेत. 'सदर प्रसंगी', 'मन हेलावून गेले', 'त्या माउलीचे ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य'. माणसं खरी, प्रसंग खरे, पण कागदावर आले की सगळ्यांचा आवाज एकच होतो. शाळेत दहा वर्षं घटवलेला आवाज.

निवृत्त एसटी कंडक्टर काकांचा कागद अर्ध्या पानाचा. 'मुक्कामी गाडीवर कर्तव्य बजावत असताना एका अज्ञात माउलीने केलेली सेवा.' सकाळी त्यांना फोन लावला. म्हटलं, काका, नेमकं काय झालं होतं? मग ते बोलायला लागले. आटपाडीकडे मुक्कामी गाडी होती. रोज रात्री एक पोरगं फडक्यात बांधलेली भाकरी आणि खर्डा आणून द्यायचं. कुणाकडून, ते सांगायचं नाही. दोन वर्षं असंच. "आणि एक दिवस खर्डा आलाच नाही ओ. नुसती भाकरी आणि तांब्याभर दूध. मला वाटलं, बाई चिडली काय आमच्यावर. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, अरे, तुला तोंड आलंय म्हणून मीच त्या पोराला बोललो होतो."

तोंड आलेल्या माणसाला खर्डा न पाठवणारी बाई, जिचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. हे कागदावर नव्हतंच. मी विचारलं, हे का नाही लिहिलंत? म्हणाले, "असलं लिहितात होय कुठे?"

30 जून

पहिली संध्याकाळ. 23 माणसं आली. सात जणांच्या चिठ्ठ्या निघाल्या. एक आजी गोष्ट न सांगता अभंग म्हणून बसल्या, त्यांना कोणी थांबवलं नाही.

नाट्यपंढरीत राहतो याचा आज फार प्रत्यय आला. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्याची हवा अजून आहे. माइकसमोर गेलं की माणसाची मान वर होते, आवाज पोटातून यायला लागतो, 'आई गं!' म्हणताना हात कपाळाला जातो. हौशी नाटकात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी वडिलांच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या, पण माझ्यापर्यंत त्यांचे वडील आले नाहीत. कंडक्टर काका कागद थरथरत्या हातात धरून, अडखळत, जवळजवळ मान खाली घालून बोलले. 'तोंड आलंय म्हणून' या वाक्याला हॉलमधला पंखा ऐकू आला.

3 जुलै

पंखा रेकॉर्डिंगमध्येही ऐकू आला. चारही पंखे. मुलाने ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ती घरघर कमी केली तर काकांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायला लागला. थोडी घरघर ठेवून दिली. पुढच्या वेळी गोष्ट चालू असेपर्यंत पंखे बंद, मधल्या वेळात चालू.

दुसरी अडचण 'प'ची. माइक तोंडासमोर सरळ असला की 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसतो आणि ऐकताना कानात धप्प होतं. ऑगस्टचा विषय काय? पाणी, पूर, पाऊस, पूल, पत्रा. सगळे 'प'. मुलाने उपाय काढलाय : रेकॉर्डर तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला आणि तिरका ठेवायचा, म्हणजे हवा पुढून निघून जाते. आवाजाचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायचा, म्हणजे कोणी एकदम मोठ्याने बोललं तरी फाटत नाही. आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला अर्धा मिनिट कोणी काही बोलायचं नाही. ती रिकाम्या खोलीची शांतता लागते. मधलं वाक्य काढलं की तिथे तीच भरायची, नाहीतर आवाज एकदम पडतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की इथे कात्री लागली आहे.

14 जुलै

हरिपूरला गेले होते. हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, आयुष्यभर हमाली केलेले एक आजोबा आहेत. 2005च्या पुरात बरीचशी पेवं खराब झाली, आता काम जवळपास संपलंय. ते लिहू शकत नाहीत, म्हणून फोन मधे ठेवला आणि म्हटलं, बोला.

"प्याव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई. हवा नसती आत. उघडून ठेवायचं, मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील इजला की मानूस उतरायचा न्हाई. आमचा मुकादम घाई करायला लागला तवा माझा भाऊ कंदील न सोडता पाय घालायला लागला, आन मी त्याच्या कमरंला धरलं." इथे ते थांबले. हात अजून कमरेला धरल्यासारखे पुढे. "मुकादमानं त्या दिवशी मजुरी दिली न्हाई आमाला. कंदील सोडला, तर भप्पकन इजला."

घरी येऊन हे ऐकून ऐकून शब्दाला शब्द उतरवलं. सव्वाचार मिनिटं, पावणेपाचशे शब्द. त्यातले साठ-सत्तर काढले, एकही घातला नाही. त्यांच्या नातवाकरवी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ह्ये तर मीच बोलायलोय."

आजपासून क्रम उलटा. आधी लिहून आणायचं नाही. आधी मला किंवा मुलाला सांगायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, मग त्यातून उतरवायचं, आणि तो उतरवलेला कागद हातात घेऊन हॉलमध्ये वाचायचं. वाचताना आपलेच शब्द समोर दिसले की माणूस आपल्याच आवाजात वाचतो. वाचता येत नसेल त्याने सांगावं. काम दुप्पट वाढतं, पण दुसरा रस्ता मला दिसत नाही.

21 जुलै

नदीपलीकडच्या एका मावशींकडे गेले. त्यांची नात बारावीत आहे, वाचनालयात येते. तिने आजीची गोष्ट आधीच लिहून दिली होती, सुंदर अक्षरात, दोन पानं. 'पाण्याची पातळी झपाट्याने वाढू लागली' अशी सुरुवात आणि 'निसर्गापुढे मानव हतबल आहे' असा शेवट.

मावशींनी चुलीपाशी बसून सांगितली ती अशी सुरू झाली : "पानी यायलंय, पानी यायलंय, दोन दिस नुस्तं ह्येच. मी म्हनलं येऊ दे, यंदा काय नवीन हाय."

दोन म्हशी होत्या. एक दुभती, एक म्हातारी, भाकड. गोठ्यात गुडघाभर पाणी झालं तेव्हा बोट आली. बोटीत माणसंच घेत होते. मग दावी सोडायला गेल्या, म्हणजे जनावरं पोहून तरी जातील. दुभतीचं दावं सुटलं. म्हातारीची गाठ पाण्याने फुगली होती, सुटेना. बोटीतून हाका चालल्या होत्या. दाताने ओढून बघितली. शेवटी विळा आणून दावं कापलं. नवव्या दिवशी म्हातारी अंकलीच्या बाजूला जिवंत सापडली, गळ्यात तेवढाच कापलेला तुकडा. दुभती सापडली नाही.

सांगताना त्यांनी एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. गाठीचं सांगताना मात्र दोन्ही हातांची नखं एकमेकांत घालून ती गाठ सोडवत राहिल्या. बोलणं पुढे गेलं तरी नखं तिथेच.

गोष्टीत एक वाक्य दिराबद्दलही होतं. बोट आल्यावर दीर म्हणाले, तुम्ही मागून या, आणि ते आधी बसले.

27 जुलै

पाऊस थांबत नाही. आयर्विनवर पाणी चढतंय, कोल्हापूरला पंचगंगेने धोका पातळी ओलांडली आहे. उद्याचा कार्यक्रम पुढे ढकलला. आज दिवसभर खालच्या मजल्यावरची पुस्तकं वर नेली, 2019 मध्ये खालचे तीन कप्पे गेले होते. वाचक न बोलावता आले. साखळी करून हातोहात पुस्तकं चढवली. मावशींना फोन केला, म्हणाल्या, जनावरं कालच पाहुण्यांकडं पोचवली.

11 ऑगस्ट

पाणी उतरलं. आज 'पाणी'. हॉलमध्ये जागा नव्हती, जिन्यावर माणसं बसली होती. नऊ गोष्टी झाल्या. भाजीच्या गाड्यावर पाच दिवस गच्चीवरच्या माणसांना वाटायला टमाटे नेणारा पोरगा. नऊ महिन्यांच्या पोटुशीला दोरीच्या खाटेवरून उचलणारे चौघे, ज्यांना आजही एकमेकांची नावं माहीत नाहीत. मुलाच्या दहावीच्या मार्कलिस्टची पिशवी डोक्यावर धरून छातीभर पाण्यात चाललेले वडील.

मावशी शेवटी. कागद घेतला नाही. जसं चुलीपाशी, तसंच. गाठीपाशी आल्या आणि हात आपोआप पुढे आले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपली नखं एकमेकांत घातली, मी पाहिलं. दिरांचं वाक्य आलं तेव्हा हॉलमध्ये एक हुंकार उठला. संपल्यावर कोणी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. मला या कामाबद्दल कोणी विचारलं तर मी या संध्याकाळबद्दल सांगेन.

15 ऑगस्ट

माझ्या हातून चूक झाली, ती इथे नीट लिहून ठेवते.

काल मुलाने आणि मी मावशींच्या गोष्टीतले 40 सेकंद काढून वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. पॉडकास्ट येतंय हे लोकांना कळावं म्हणून. बोट आल्यापासून विळा आणेपर्यंतचा तुकडा. त्यात दिरांचं वाक्य होतं. सगळ्यात जोरकस तुकडा तोच, म्हणून निवडला. आज दुपारपर्यंत तो नदीपलीकडच्या चार ग्रुपवर फिरला. संध्याकाळी पुतण्या मावशींच्या दारात उभा राहिला. पाच वर्षं त्या घरांमध्ये जे कोणी बोललं नव्हतं, ते दारात, चारचौघांत निघालं.

मावशींचा फोन आला. "बाई, त्येवढं काढून टाका."

काढलं. पण आमच्या ग्रुपवरून काढलं म्हणजे ज्यांनी पुढे पाठवलं त्यांच्या फोनमधून जात नाही. सगळ्यांना एकेक करून विनंती केली. बहुतेकांनी ऐकलं.

त्यांची सही आमच्याकडे आहे. 'रेकॉर्डिंगला माझी हरकत नाही.' एवढंच लिहिलंय फॉर्मवर. सही घेताना रेकॉर्डिंग कुठे जाणार, किती तुकड्यांत जाणार, कोण ऐकणार, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. सही असणं आणि विचारलेलं असणं यात किती अंतर आहे ते आज कळलं.

18 ऑगस्ट

मावशींकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते, आणि पोचल्यावर त्यांनीच आधी चहा टाकला. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं. त्यांनी साखर घालता घालता हात थांबवला.

"न्हाई, मी सांगितलंच की. पर खोलीत सांगितलं तवा समोर मानसं हुती. मी बगत हुते कोन कोन हाय. त्यास्नी बगून सांगत हुते. फोनात कोन बसलंय, मला काय दिसतंय?"

मी हे वाक्य शब्दन् शब्द लिहून ठेवलंय. आमच्या हॉलमध्ये ती गोष्ट साठ-सत्तर माणसांसमोर झाली, आणि त्या माणसांच्या चेहऱ्यांवरून मावशींना कळत होतं किती सांगायचं. फोनवर गेल्यावर ते चेहरेच नाहीत. गोष्ट तीच, पण सांगणारीला आता कोणी दिसत नाही.

पॉडकास्टमध्ये नकोच, म्हणाल्या. नको तर नको. दिरांशी बोलणं सुरू झालंय का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

25 ऑगस्ट

नवा फॉर्म केला. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळ्या सह्या. हॉलमध्ये सांगायची आहे का? रेकॉर्डिंग वाचनालयात ठेवू का, जे इथे येऊन हेडफोनवरच ऐकता येईल? इंटरनेटवर देऊ का? तिसरी सही गोष्ट सांगण्याच्या दिवशी घ्यायचीच नाही. आठ दिवसांनी, पक्की झालेली फाईल सांगणाऱ्याला पूर्ण ऐकवून, मग. गोष्टीत ज्या दुसऱ्या माणसाचा उल्लेख आहे तो हे ऐकेल तेव्हा काय होईल, हेही तेव्हा विचारायचं. आणि कोणीही कधीही काढून टाका म्हणालं तर त्याच दिवशी काढायचं, कारण न विचारता. जाहिरातीचा तुकडा कुणाच्या गोष्टीतून काढायचा नाही. मुलगा म्हणाला, मग लोकांना कळणार कसं? म्हटलं, सांगू आपण तोंडाने.

'स्टोरीकॉर्प्स'मध्येही आपलं संभाषण सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं की नाही ते बोलणारा ठरवतो. मी जूनमध्ये हे वाचलं होतं, आणि चाळीस मिनिटांचा आकडा तेवढा लक्षात ठेवला होता.

15 सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. आज पहिला भाग गेला : कंडक्टर काका. यूट्यूबवर आणि पॉडकास्टच्या फीडवरही, कारण आमची माणसं ऐकायला यूट्यूबवरच जातात. मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची फाईल, 64 केबीपीएस, पाच मिनिटांना अडीच एमबीच्या आत. खेड्यातल्या रेंजलाही उतरते. आवाजाची पातळी उणे 19 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप). संगीत घातलं नाही. मुलाने सतारीचा एक तुकडा आणला होता, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बनलेल्या वाद्यावरचा, फार गोड होता. पण भाकरीच्या गोष्टीमागे तो लागला की ऐकणाऱ्याला आधीच सांगून टाकतो की आता गहिवरायचं आहे.

मुंबईत असणारा काकांचा मुलगा रात्री फोनवर त्यांना म्हणाला, तुम्ही हे मला कधी सांगितलं नव्हतं. काका मला म्हणाले, त्याने कधी मुक्कामी गाडीचं विचारलं नव्हतं.

29 सप्टेंबर

हमाल आजोबांचा भाग तयार आहे. गोष्टीसोबत उतारा देतो, ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी. त्यावरून मोठा वाद झाला. आपोआप लिहून देणाऱ्या यंत्राला 'प्याव' आणि 'इजला' कळत नाही, ते हातानेच लिहावं लागतं. पण लिहायचं कसं? 'पेव' की 'प्याव'? 'विझला' की 'इजला'? ग्रंथपाल सरांचं म्हणणं, बोलू दे कसंही, लिहिताना शुद्ध लिहा. मावशींची नात माझ्याकडे येऊन गेली. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही आजीची गोष्ट लिहिलीत कधी, तर तिला अडाणी दाखवू नका."

तिचं म्हणणं मी टाळू शकत नाही. नाटकसिनेमात गावाकडची बोली बहुतेक वेळा हसायलाच आणलेली तिने पाहिली आहे. मी तिला विचारलं, आजी 'पानी यायलंय' म्हणते तेव्हा तुला हसू येतं का? म्हणाली, नाही, पोटात गोळा येतो. मग म्हटलं, 'पाण्याची पातळी झपाट्याने वाढू लागली' वाचताना येतो का? ती काही बोलली नाही. ठरलं एवढंच की उतारा कसा लिहायचा ते ज्याची गोष्ट त्यालाच विचारायचं. आजोबा म्हणाले, मी बोलतो तसं लिहा.

4 ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. वाचनालयात पेढे वाटले. मला मनापासून आनंद झाला, आणि दिवसभर डोक्यात तो कंदील होता, भप्पकन इजलेला. 'भप्पकन' हा शब्दही त्यात येतो असं मी धरून चालले आहे.

13 ऑक्टोबर

काल दसरा. मावशी सोनं द्यायला आल्या, नातीबरोबर. हॉलच्या कोपऱ्यात हेडफोनवर आजोबांची गोष्ट लावून दिली. डोळे मिटून ऐकली. 'कमरंला धरलं' आलं तेव्हा स्वतःच्या पदराला हात गेला. हेडफोन काढून म्हणाल्या, "माजी बी घ्या परत. दिराचं न्हाई सांगायचं. त्ये माजं-त्येंचं हाय. म्हशीचं माजं हाय."

मी काही सुचवलं नाही. फक्त विचारलं, बोटीचं कसं सांगाल? म्हणाल्या, "बोट भरली, मी मागं ऱ्हायले. खोटं हाय का त्यात?"

20 ऑक्टोबर

मावशींकडे रेकॉर्डिंग. हॉलमध्ये नको, गोठ्यातच घ्या म्हणाल्या. मुलगा काळजीत होता : वर पत्रा, एक बाजू उघडी, पलीकडे रस्ता. नातीने घरातल्या तीन वाकळा आणून पत्र्याच्या भिंतीवर टाकल्या, घुमणं बरंच कमी झालं. मी अर्धा मिनिट शांततेचं सांगितलं. सगळे गप्प बसलो. म्हातारी म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

या वेळी गोष्ट बदललेली होती. दीर नव्हते, आणि त्यांच्या जागी जे आलं ते ऑगस्टमध्ये नव्हतं. मावशी म्हणाल्या, दुभतीचं दावं आधी सोडलं, कारण ती दुभती. म्हातारीकडे नंतर गेले. "आदी तिच्याकडं गेले असते तर गाठ फुगली नसती. तिला कळलं आसंल का वो, मी कुनाकडं आदी गेले त्ये?" हे विचारताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, गोठ्याकडे बघत होत्या.

कापलेला तुकडा अजून खुंटीला आहे. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच काढून मुलाच्या हातात दिला. काथ्याचा, वीतभर, एका टोकाला पिंजलेला. मुलाने तो दोन्ही हातांनी धरला आणि रेकॉर्डर बंद करायचं विसरला.

27 ऑक्टोबर

फाईल पक्की झाली. मावशींना आणि नातीला दोनदा ऐकवली. पहिल्यांदा दोघी ऐकत होत्या, दुसऱ्यांदा मावशींनी दारातून जाणाऱ्या थोरल्या जाऊबाईंना हाक मारून आत बसवलं आणि त्यांना ऐकवली. दिरांच्या घरातल्या त्या. त्या काही बोलल्या नाहीत, निघताना मावशींच्या हातावर हात ठेवून गेल्या. मग मावशींनी तिसऱ्या रकान्यात सही केली. उताऱ्याचं विचारलं तर नातीकडे बघितलं. नात म्हणाली, तिच्या तोंडचं आहे तसंच लिहा, नाव 'पानी यायलंय' द्या.

मुलाने विचारलं, म्हैस हंबरते तो आवाज काढू का, वाक्याच्या मधेच येतो. मावशी म्हणाल्या, "तिचं बी हाय की ह्यात."

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी जाईल. लांबी 4 मिनिटं 52 सेकंद. म्हशीचा आवाज 3 मिनिटं 10 सेकंदांवर आहे, ठेवला आहे.